खाटकाकडचा पाहुणा

खाटकाच्या घरात जनावराला नाव देत नाहीत. हा नियम कुणी भिंतीवर लिहून लावलेला नसतो, पण पाळतात सगळे. आदल्या संध्याकाळी जिला लाडाने हाक मारली, तिच्याबद्दल दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला "मांडी देऊ की खांदा?" असं विचारताना जीभ अडते, आणि जीभ अडली की धंदा अडतो. म्हणून त्या घरात दरवर्षी मागच्या फाटकाने शेकडो मेंढ्या आल्या आणि पुढच्या दाराने गेल्या, पण त्या सगळ्या नुसत्या 'त्या' होत्या.

दुकान रस्त्याला लागून होतं. पांढऱ्या फरशा, वर लोखंडी नळीला अडकवलेले हुक, मध्ये ओंडका. ओंडक्याचा मधला भाग घाव खाऊन खाऊन थाळीसारखा खोलगट झालेला. गल्ल्यावर आई बसायची. ओंडक्यामागे बाबा उभे असायचे, रुंद खांद्यांचे, कमी बोलणारे, निळ्या पट्ट्यांचा एप्रन बांधलेले. वरच्या मजल्यावर राहती जागा आणि मागे अंगण. त्या अंगणात एका कडेला पत्र्याची शेड होती, आणि तिथे जनावरं एक रात्र काढायची. एकच. दुसरी रात्र तिथे काढलेलं जनावर त्या घराने पाहिलेलं नव्हतं.

या घरातली एकुलती एक मुलगी म्हणजे सुरी. हे तिचं खरं नाव नव्हे, शाळेने ठेवलेलं. बापाचा धंदा बघून पोरांनी पहिलीतच चिकटवलं, आणि तिनेही ते मुकाट्याने अंगावर घेतलं. घातलेला कपडा रोज वापरला की सैल होतो, तसं नावाचंही होतं, असा तिचा हिशेब. खरंच तसं झालं. पुढे पुढे मास्तरही हजेरीला "सुरी" म्हणू लागले आणि कुणी हसेनासं झालं.

शाळेत मोठ्या वर्गाला शेतकीचा प्रकल्प असायचा. कुणी भाजीचा वाफा करायचा, कुणी जनावर वाढवायचं. शेतकीचे सर उंच, वाकलेले आणि मनाने फार चांगले, पण कुणाला दुखवायचं नाही या नादात कधीकधी नेमके दुखवून बसायचे. त्यांनी सुरीला वाफ्यात टाकलं. ती मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"सर, मला मेंढा हवाय."

"अगं, तुला गाजरं दिलीत की. गाजरं छान येतात."

"गाजरं शेवटी उपटतात ना, सर?"

"हो, उपटतातच."

"मग मेंढ्याने काय घोडं मारलंय?"

सरांनी कान खाजवला. "तसं नाही गं. तुमच्या घरी... म्हणजे लोक हसतील, एवढंच."

"हसू देत. दात तरी दिसतील."

सरांना हसू आवरलं नाही, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणता येत नसे.

प्रकल्पाची रीत सरळ होती. शाळेच्या कळपातलं दूध सोडलेलं एक नर कोकरू मुलाने घरी न्यायचं, वाढवायचं आणि वर्षअखेरीच्या प्रदर्शनात आणायचं. तिथे आधी काटा. काट्याच्या तबकडीवर एक लाल रेघ ओढलेली असे, आणि सुई रेघेला टेकली नाही तर जनावर रिंगणात जायचं नाही. रिंगणात परीक्षक चाल, पाय, पाठ बघायचे. पसंत पडलेले मेंढे शाळेच्या कळपात पैदाशीसाठी राहायचे. बाकीचे ज्याच्या त्याच्या घरी परत. इतर मुलांच्या घरी म्हणजे शेतावर, कुरणावर, काकाच्या गोठ्यात. सुरीच्या घरी म्हणजे कुठे, हे कुणी तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी बाबांनी सांगितलं. जेवताना, घास गिळून झाल्यावर, शांतपणे.

"वाढव. खाणं मी देईन. शेड आहेच. शाळेने ठेवून घेतला तर त्याचं नशीब. परत आला तर हुकावर. मी मेंढे सांभाळणारा नाही, विकणारा आहे. नंतर डोळ्यांत पाणी आणायचं नाही."

"नाही आणणार."

"बघ हं."

"बघितलं."

आई मध्येच म्हणाली, "आणि नाव?"

"नाव नाही," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "पाहुणा आहे. पाहुण्यासारखा राहील आणि जाईल."

झालं. नाव नाही म्हणता म्हणता त्याचं नाव पडलं.

पाहुणा आला तेव्हा सगळा गुडघ्यांचाच होता. चार काड्यांवर लोकरीचा गोळा. पहिले काही दिवस तो शेडच्या कोपऱ्यात तोंड घालून उभा राहिला, एखादा नट ऐन वेळी संवाद विसरून विंगेकडे बघत राहतो तसा. सुरी शाळेतून आली की दप्तर जिन्यावर टाकून थेट शेडमध्ये. सुका चारा, त्यावर मूठभर भरडा, स्वच्छ पाणी. खुरांमध्ये अडकलेली माती काडीने काढायची. हनुवटीखाली एक हात आणि शेपटीमागे एक हात धरून त्याला स्थिर उभं राहायला शिकवायचं, कारण रिंगणात दोर चालत नाही. पहिल्यांदा तिने असं धरलं तेव्हा पाहुण्याने तिला चिखलातून शेडच्या दारापर्यंत फरफटत नेलं. वरच्या खिडकीतून आईने सगळं पाहिलं.

"कोण कुणाला शिकवतंय तेवढं सांग," आई म्हणाली, "म्हणजे अंघोळीचं पाणी कुणासाठी तापवायचं ते कळेल."

बाबा अंगणात येत नसत. निदान पाहुण्यासाठी येत नसत. भुशाची बादली रिकामी करायला आले तर नजर समोर ठेवून यायचे, तशीच घेऊन जायचे. पण संध्याकाळी हात धुताना पाठमोरेच म्हणायचे, "मागचा डावा पाय जपून टाकतोय." आणि सुरीने जाऊन बघितलं की खुरात काटा निघायचा. "आज रवंथ कमी करतोय." बघावं तर पोट जरा फुगलेलं. न बघणाऱ्या माणसाला एवढं दिसतं कसं, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर दिसणं बंद झालं असतं.

एकदाच ते शेडच्या दारात आले. ती पाहुण्याच्या पाठीवर तळहात ठेवून तो भरला की नाही याचा अंदाज घेत होती.

"तळहाताने कळत नाही. मूठ आवळ," ते म्हणाले. "आता तिच्यावरून दुसरा हात फिरव. बोटांच्या गाठींवरून. पाठ अशी लागली तर जनावर उपाशी आहे. आता मूठ सोड, हात पालथा धर. हाताच्या पाठीसारखी लागली तर बरोबर. आणि अंगठ्याखालच्या गादीसारखी लागली तर माजलंय."

तिने मेंढ्याच्या पाठीवर हात फिरवला. "गाठी लागतात."

"मग खाणं वाढव," म्हणून ते निघून गेले.

शाळेत चेष्टा व्हायची, पण ती सुरीला नवी नव्हती. गिरणीवाल्याचा मुलगा, ज्याला सगळे भोपळा म्हणायचे, तोही मेंढा वाढवत होता. त्याच्या मेंढ्याचं नाव बादशहा. भोपळा रोज फाटकापाशी तिला गाठायचा.

"सुरी, पाहुण्याचं पाव किलो माझ्यासाठी बाजूला ठेव हं."

"तुझ्या गिरणीतून पीठ पुरं वजनात आलं की ठेवते."

"आमचं वजन चोख असतं."

"हो, दळायला टाकताना."

भोपळा मोठ्याने हसायचा. तो मनाने वाईट नव्हता, बडबड्या होता. त्याला समोर कुणीतरी उलट बोलणारं लागायचं, आणि वर्गात तसं सुरीच होती.

आता बाबांची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जनावरं विकणाऱ्या व्यापाऱ्यांत एक जुनी युक्ती चालते. बाजारात काट्यावर चढवण्याआधी मेंढ्यांना मीठ चाटवायचं. मीठ चाटलं की तहान लागते, तहान लागली की जनावर बादलीच्या बादली पाणी ओढतं, आणि वजन वाढतं. घेणारा पैसे मांसाचे देतो आणि घरी नेतो पाणी. असाच एक व्यापारी एकदा मागच्या फाटकाशी कळप घेऊन आला. बाबांनी एका मेंढीच्या पोटाला हात लावला, थोडं हलवून बघितलं, कान देऊन ऐकलं. आणि गाडी वळवायला सांगितली.

"अहो, पण वजन तर करा."

"ते खोटं वजन आहे."

"काटा खोटं बोलतो काय?"

"काटा नाही बोलत. पाणी बोलतंय. आणि पाणी माझ्या नळाला येतं."

हे वाक्य गल्लीत फार दिवस चाललं. खोट्या वजनाचं जनावर माझ्या दारात उभं राहणार नाही, हा त्यांचा एकच हट्ट होता. बाकी त्या माणसाला कसलाच हट्ट नव्हता.

वर्ष सरलं. पाहुणा आडवा वाढला, उभा वाढला, शिंगांना वळण आलं. प्रदर्शनाच्या आठवड्यात शाळेत सगळ्यांच्या मेंढ्यांचं वजन झालं. पाहुण्याची सुई लाल रेघेच्या जेमतेम पुढे गेली.

"भरला," सर म्हणाले. "खाणं चालू ठेव. पण त्या दिवशी सकाळी गाडीत चढवण्याआधी चारू नका, कुणीच. भरल्या पोटी जनावरांना गाडी सोसत नाही."

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी सुरीने पाहुण्याला न्हाऊ घातलं, लोकर विंचरली, खूर घासले. अंधार पडायच्या सुमाराला ती स्वतःच मेंढ्याइतकी ओली होती. तेव्हा बाबा अंगणात आले. बाह्या वर सारलेल्या.

"जा तू. कपडे वाळव, झोप. पुढचं मी बघतो."

ती बघतच राहिली. वर्षभरात हा माणूस शेडच्या दाराच्या आत आला नव्हता.

"तुम्ही?"

"का, मला जनावर कळत नाही?"

आईने जिन्यावरून हाक मारली, "अगं ये वर. वर्षातून एकदा मदत करायची हुक्की आलीये, तिला दृष्ट लावू नकोस."

ती वर गेली. खिडकीतून तिला दिसलं, बाबा शेड झाडत होते. जुना पेंढा काढून नवा पसरला. फरशी धुतली. पाहुण्याच्या शिंगांवरून फडकं फिरवलं, मग कानामागून फिरवलं, आणि मग नुसता हात. एवढं बघून ती सुखाने झोपली.

सकाळी गव्हाण चाटूनपुसून लख्ख होती आणि बादली पालथी. सगळं संपवलं म्हणायचं पाहुण्याने. तो मात्र सारखा ओरडत होता आणि तिच्या खिशात तोंड घालत होता. त्यालाही कळलंय, तिला वाटलं, आज आपला दिवस आहे. नाटकाच्या दिवशी माणसं नाही का उगाच बडबड करत?

त्या दिवशी बाबांनी दुकान बंद ठेवलं. दाराला लावलेली पाटी वाचायला शेजारीपाजारी जमले, इतकी ती गोष्ट नवलाची होती. बाबा इस्त्रीचा सदरा घालून निघाले. एप्रनशिवाय त्यांना हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून वाटभर त्यांनी ते मागे बांधून ठेवले.

मैदानावर लाकडी कठड्यांच्या रांगा होत्या, चुन्याने आखलेलं रिंगण होतं, आणि फाटकाशीच तो मोठा काटा. काट्यामागे एक चष्मेवाले काका स्टुलावर बसलेले. भोपळ्याचा बादशहा चढला, सुई रेघेपलीकडे गेली, काकांनी मान हलवली. मग पाहुणा. सुरीने त्याला सरळ उभं केलं आणि हात सोडले.

सुई सरकली, थरथरली आणि रेघेच्या अलीकडे थांबली.

"पुन्हा," काका म्हणाले. त्याला उतरवला, चढवला. सुई तिथेच.

"असं कसं?" सर पुढे आले. "या आठवड्यातच भरला होता हा."

"त्या काट्यावर भरला असेल. या काट्यावर नाही. बाजूला घ्या. रिंगणाची घंटा होईपर्यंत काटा उघडा आहे, पुन्हा आणलात तरी चालेल."

सुरीने पाहुण्याला कठड्याशी नेलं. पाठीवर हात फिरवला. पाठ बरोबर लागत होती, हाताच्या पाठीसारखी. मग वजन गेलं कुठे? तिचा हात खाली घसरला, बरगड्यांमागे, कुशीवर. कूस आत गेली होती. मूठ बसेल एवढा खळगा.

हा खळगा तिच्या ओळखीचा होता. लहानपणापासून रोज सकाळी शेडमध्ये तिने तो पाहिला होता. उद्या कापायच्या जनावराला आदल्या संध्याकाळी खाणं देत नाहीत, पोट रिकामं असलं की काम स्वच्छ होतं. संध्याकाळी गव्हाण धुवायची, बादली पालथी घालायची, नवा पेंढा पसरायचा. तिच्या बाबांच्या हाताला ती सवय त्यांच्या वडिलांकडून आली होती.

तिने मागे वळून पाहिलं. बाबा कठड्यापलीकडे उभे होते आणि त्यांची नजरही त्याच खळग्यावर होती.

"बाबा, काल त्याचं खाणं तुम्ही काढलंत?"

"सकाळी जायचं होतं ना," ते म्हणाले. "सकाळी जाणारं जनावर. हात आपोआप गेले. मला वाटलं मी... मला वाटलं, नीट करतोय."

एवढ्यात भोपळा पळत आला. त्याने मूठ उघडून दाखवली. मिठाचा खडा.

"चाटव," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मग बादलीभर पाणी पिईल. रेघ काय, वर जाईल रेघेच्या. सगळे करतात गं. माझ्या काकाने तर..."

"तुझा बादशहा?"

"बादशहाला गरज नव्हती. शपथ." आणि मग अगदी हळू, "परत नेऊ नकोस त्याला. मी पाव किलो म्हणायचो ते चेष्टेत."

सुरीने खडा घेतला. पाहुण्याने लगेच मान लांब केली. तिने बाबांकडे पाहिलं, त्यांनी 'नको' म्हणावं म्हणून. ते म्हणाले नाहीत. ज्या माणसाने याच कारणासाठी भरलेली गाडी दारातून परत फिरवली होती, तो हात मागे बांधून उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "मेंढा तुझा आहे. तुला वाटेल ते कर. मी बघणार नाही." आणि खरोखरच त्यांनी पाठ फिरवली.

ती रुंद पाठ तिने बराच वेळ पाहिली. मग खडा भोपळ्याच्या हातात परत ठेवला.

"नुसतं पाणी आण. आणि चारा."

भोपळ्याने दोन्ही आणलं. पण मेंढा हा भित्रा जीव. परकी जागा, भोंगा, माणसांची गर्दी. घरी खिसा उचकणारा पाहुणा इथे चाऱ्याला नाक लावून बाजूला झाला. पाणी थोडं प्यायला. सुरीने हातावर चारा धरला, त्याने दोन काड्या घेतल्या आणि रिंगणाकडे बघत चघळत बसला. सर घड्याळ बघत होते. सुरी काडी काडी पुढे करत होती.

तेव्हा बाबा काट्यापाशी गेले. तिथे मुलं, आईबाप, व्यापारी, बरीच माणसं होती. बाबांनी घसा साफ केला. दुकानातही आवाज न चढवणारा माणूस. पण त्या दिवशी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"या मेंढ्याचं वजन कमी आलं ती पोरीची चूक नाही. मी त्याला काल उपाशी ठेवला. मी खाटीक आहे. सवयीने ठेवला."

लोक हसले. का हसू नये? वर्षभर ज्या विनोदाची वाट बघत होते तो खुद्द खाटकानेच स्टेजवर येऊन सांगितला. कुणीतरी मागून म्हणालं, "शेळी जाते जिवानिशी..." आणि पुढचं वाक्य हशात बुडालं. बाबा तिथेच उभे राहिले. हसणं संपेपर्यंत हलले नाहीत.

चष्मेवाले काका हसले नाहीत. "तुमचं खरं असेल," ते म्हणाले, "पण काल काय झालं ते काट्याला कळत नाही. आणा, पुन्हा बघू."

पुन्हा चढवला. सुई मघापेक्षा पुढे आली. लाल रेघेला टेकते न टेकते तोच थांबली. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, खाली वाकून बघितलं. त्यांच्या मनात काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

"काका, टेकली नाही," सुरीच म्हणाली.

"नाही टेकली," ते म्हणाले.

घंटा झाली.

परतीच्या गाडीत पुढे कुणी बोललं नाही, मागे पाहुणा मात्र बोलत होता. सुरीने डोळ्यांत पाणी आणलं नाही. शब्द दिला होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि परत आला तर हुकावर, हे चार शब्द चाकांच्या आवाजात पुन्हा पुन्हा ऐकत राहिली.

घरी आल्यावर बाबांनी पाहुण्याला शेडमध्ये सोडलं, दुकानाचं शटर वर केलं, सदरा काढून ठेवला आणि एप्रन बांधला. आई गल्ल्यामागे उभी राहून बघत होती. बाबांनी हात धुतले. मग दुकानातून मागे गेले, आणि सुरी जिन्याच्या पायरीवर कठडा धरून उभी राहिली.

गव्हाणीत काहीतरी ओतल्याचा आवाज आला. मग बादली भरल्याचा. मग घाईघाईने चावण्याचा, जो एकदा सुरू झाला तो थांबेचना.

आई मागच्या दारापर्यंत गेली. "हे काय? परत आला तर हुकावर ना? शब्दाचे पक्के म्हणे."

"पक्काच आहे," बाबा आतून म्हणाले. "पण खोट्या वजनाचं जनावर मी कापत नाही. ते सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"मग?"

"याचं आजचं वजन खोटं आहे. खरं होईपर्यंत थांबावं लागेल."

"आणि ते खरं कधी होणार?"

बाबा बाहेर आले. त्यांनी मूठ आवळली, तिच्या गाठींवरून दुसरा हात फिरवला, आणि विचारात पडल्यासारखं केलं.

"बघू," ते म्हणाले.

आईने पदर तोंडाला लावला आणि गल्ल्यावर जाऊन बसली. सुरी पायरीवर बसली आणि आता शब्द संपला होता म्हणून तिने पोटभर रडून घेतलं.

'बघू' फार वर्षं चाललं. दर महिन्याला बाबा शेडमध्ये जायचे, पाहुण्याच्या पाठीवर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून नाही भरला." पाहुणा तोवर पिंपासारखा झालेला. आई म्हणायची, "आणखी भरला तर फाटक रुंद करावं लागेल." आजूबाजूचे शेतकरी आपल्या मेंढ्यांसाठी त्याला नेऊ लागले, पहिला आला तो गिरणीवाला, भोपळ्याला बरोबर घेऊन. एका हंगामात त्या भागातल्या अर्ध्या कोकरांना पाहुण्याची शिंगं होती. "कसायाला गाय धार्जिणी," असं एक शेतकरी म्हणाला, तर बाबांनी त्याला गंभीरपणे सांगितलं, "गाय नाही, मेंढा. आणि धार्जिणा नाही. वजनात बसत नाही, म्हणून ठेवलाय."

पुढे शेतकीच्या प्रकल्पात मुलांची गर्दी वाढली, प्रदर्शन मोठं झालं. चष्मेवाल्या काकांचे डोळे गेले तेव्हा त्यांनी स्वतःच्या जागेसाठी एकच नाव सुचवलं. "ज्या पोरीने स्वतःच्या मेंढ्याची सुई टेकली नाही म्हणून सांगितलं, तिला बसवा." तेव्हापासून काट्यामागच्या स्टुलावर सुरी बसते. आता तीही चष्मा लावते. जनावर चढवण्याआधी ती मुलाला एकच गोष्ट विचारते, "काल संध्याकाळी याने काय खाल्लं?" मुलं बिचकतात, त्यांना ही परीक्षा वाटते. कुणी खरं सांगतं, "घरात सगळे इतके घाबरलेले, कुणीच काही खाल्लं नाही." मग ती काटा बंद ठेवते आणि मैदानाच्या मागच्या बाजूला, झाडांच्या आड बोट दाखवते. तिथे कठडे आहेत, पाणी आहे, चारा आहे, आणि भोंग्याचा आवाज पोचत नाही. लांबून येणारी जनावरं आता आदल्या दुपारीच तिथे येऊन राहतात. हा नियम तिनेच भांडून करून घेतला. लाल रेघ मात्र तिने तसूभरही हलवली नाही.

पाहुणा म्हातारा झाला. दात गेले तशी बाबा त्याचा भरडा भिजवून देऊ लागले. एका सकाळी तो शेडमध्ये आडवा पडलेला सापडला, मान पेंढ्यावर, शिंगं एका बाजूला. बाबांनी दुकान उघडलं नाही. बंदची पाटी लावायची ही दुसरी वेळ. सुरी आली तेव्हा ते अंगणाच्या कोपऱ्यात फावडं हातात धरून उभे होते. आयुष्यभर हजारो मेंढरांची हाडन्‌हाड ओळखणारा माणूस, पण एकही कधी पुरलेलं नव्हतं.

"सुरे," त्यांनी विचारलं, "खोल किती खणायचं असतं गं?"

तिने सांगितलं. दोघांनी मिळून खणलं. माती ओढण्याआधी बाबा खाली वाकले आणि सवयीने त्याच्या कुशीवर हात ठेवला.

"काल संध्याकाळी सगळं खाल्लं होतं याने," ते म्हणाले.